यमुना ते यमू : मराठी कादंबरीतील पात्रनिर्मितीची पहिली कसोटी

१

मराठीत ज्या वाङ्मयप्रकाराला आपण 'कादंबरी' म्हणतो, त्याचे नावच मुळात एका पात्राचे नाव आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने रचलेल्या गद्यकथेची नायिका असलेली गंधर्वकन्या कादंबरी ही पुढे त्या ग्रंथाचे नाव झाली आणि एकोणिसाव्या शतकात मराठीने व कन्नडने तेच नाव एका नव्या, पाश्चात्त्य संपर्कातून आलेल्या वाङ्मयप्रकाराला दिले. बंगाली आणि हिंदीने 'उपन्यास' हा शब्द पसंत केला, गुजरातीने 'नवलकथा'. बाणाला आपला ग्रंथ पुरा करता आला नाही. उत्तरार्ध त्याच्या पुत्राने लिहिला, हेही सर्वश्रुत आहे. म्हणजे मराठी कादंबरीने आपल्या नावासोबत दोन गोष्टी वारशाने घेतल्या असे म्हणता येईल : पात्राला दिलेले मध्यवर्ती स्थान आणि लेखन पुरे होण्याविषयीची अनिश्चितता.

कादंबरीलेखनातील आनंद आणि यातना यांची चर्चा आपल्याकडे बहुधा लेखकाच्या प्रतिभेच्या किंवा मनोव्यापारांच्या अंगाने होते. पात्र लेखकाच्या मनात कसे रुजते, ते त्याच्या हातून कसे निसटते, त्याला वाट्टेल तिकडे कसे ओढून नेते, अशा स्वरूपाची ही चर्चा असते. ती खोटी आहे असे नाही. परंतु तिच्यात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. एखाद्या काळात, एखाद्या समाजात कोणते पात्र लिहिणे मुळात शक्य असते? लेखकाला कोणाच्या मनापर्यंत पोचता येते, कोणत्या उंबरठ्यावर त्याला थांबावे लागते, आणि तो उंबरठा ओलांडण्यासाठी त्याला कोणाची मदत घ्यावी लागते? १८५७ ते १८९३ या काळातील मराठी कादंबरीकडे या प्रश्नाच्या आधारे पाहिले, तर पात्रनिर्मितीचा संघर्ष हा केवळ कल्पनाशक्तीचा संघर्ष नसून जाणून घेण्याच्या अधिकाराचा संघर्ष होता, असे दिसून येते.

२

या संघर्षाचे पहिले स्पष्ट निवेदन एका तक्रारीच्या रूपाने आढळते. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या अद्भुतरम्य लेखनाचे जे समर्थन केले आहे, ते मराठी कादंबरीच्या इतिहासकारांना सुपरिचित आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, हिंदूंच्या विवाहविषयक रूढी आणि इतर कारणे यांमुळे त्यांच्या आयुष्यात चित्तवेधक असे गुण वा अवगुण घडूनच येत नाहीत. नित्य अनुभवाच्या गोष्टी लिहाव्यात तर त्यांत वाचकाला गुंतवण्यासारखे काही नाही. सबब मनोरंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय करणे भाग आहे.

या विधानाची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळदा झालेली आहे. मात्र रिसबूड एका खऱ्या अडचणीकडे बोट दाखवत होते. ज्या पाश्चात्त्य कादंबऱ्यांचा आदर्श त्या काळच्या सुशिक्षितांसमोर होता, त्यांचे कथानक तरुण स्त्रीपुरुषांच्या परस्परांविषयीच्या निवडीवर उभे राहते. निवड आली की द्विधा मनःस्थिती येते, चूक येते, पश्चात्ताप येतो. आणि याच जागी पात्राचे अंतरंग वाचकाला दिसते. आठव्या-नवव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या मुलीला निवड कोठून असणार? जिला काही ठरवताच येत नाही, तिची कथा कशी सांगायची, हा रिसबुडांसमोरचा वाङ्मयीन पेच होता. त्यांनी तो सोडवला नाही, टाळला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीपासून अद्भुताचा जो प्रवाह वाहू लागला होता, त्यात त्यांनी आपली नाव सोडली. या कादंबऱ्यांतील नायिका संकटात सापडतात, सुटतात, वियोगाने झुरतात आणि अखेरीस सुखी होतात. त्यांच्यावर प्रसंग कोसळतात, पण प्रसंगामुळे त्यांच्यात काही बदल होत नाही. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) या निबंधात समकालीन पुस्तकांतील स्त्रीचित्रणावर जो संताप व्यक्त केला, तो अशा कृत्रिम प्रतिमांच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. पुस्तकांत जिच्याविषयी लिहिले जात होते, ती स्त्री वाचकही होऊ लागली होती, आणि तिला त्या आरशात आपला चेहरा दिसत नव्हता.

३

रिसबुडांच्या अकरा वर्षे आधी या पेचाला एक वेगळे उत्तर देऊन झाले होते. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये, म्हणजे विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाल्यानंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा आपला हेतू लेखकाने ग्रंथाच्या नावातच सांगून टाकला आहे. यमुना आपल्या पतीसह, विनायकासह, प्रवासाला निघते. ठिकठिकाणी तिला विधवांच्या दुःखाच्या हकिकती पाहायला व ऐकायला मिळतात. पुढे तिच्यावरही वैधव्य येते. आणि शेवटी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार व पुनर्विवाह यांत कथानकाची समाप्ती होते.

पदमनजींनी नित्याच्या आयुष्यात कथा नाही असे मानले नाही. उलट प्रत्येक घरात एक कथा आहे, असे त्यांचे गृहीतक आहे. परंतु त्या घरात शिरण्यासाठी त्यांनी जी युक्ती योजली, ती पाहण्यासारखी आहे. पर्यटन हे निरीक्षकाचे साधन आहे. यमुना येते, ऐकते, कळवळते आणि पुढच्या मुक्कामाला निघते. तिला भेटणारी प्रत्येक विधवा आपल्या दुःखाचा दाखला देऊन मागे राहते. असे दाखले एकापुढे एक ठेवल्याने दुःखाची व्याप्ती कळते. त्याची रोजची चव कळत नाही. यमुनेला लेखकाने कान आणि अश्रू दिले आहेत, पण तिचे स्वतःचे बोलणे असे फारसे दिलेले नाही. ती बोलते तेव्हा तिच्या तोंडून सुधारणेचा आणि धर्माचा पक्ष बोलतो. लेखकाला आधीच ठाऊक असलेल्या सिद्धान्ताच्या बाहेर ती एकदाही पडत नाही, आणि म्हणून तिच्याविषयी वाचकाला आदर वाटला तरी कुतूहल वाटत नाही.

हे सांगताना पदमनजींच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. प्रत्यक्ष समाजस्थितीवर कादंबरी उभी करता येते हे त्यांनी मराठीत प्रथम दाखवून दिले. दाराशी उभे राहून जेवढे ऐकू येते तेवढे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. दार उघडायला मात्र आणखी तेहतीस वर्षे जावी लागली.

४

१८९० मध्ये हरी नारायण आपटे यांनी पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्यांच्या नावावर 'मधली स्थिती' (१८८५) ही कादंबरी होती. तिच्यावर रेनॉल्ड्सच्या लेखनाचा ठसा स्पष्ट दिसतो. आगरकरांच्या 'विकारविलसित' या हॅम्लेटच्या भाषांतराचे त्यांनी विद्यार्थिदशेत केलेले प्रदीर्घ परीक्षणही गाजले होते. पदवी त्यांना मिळाली नव्हती. 'करमणूक'मध्ये 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मनोरंजनाचे नाव धारण केलेल्या पत्रातून एका बालविधवेची कहाणी आठवड्यामागून आठवड्याने घरोघर जावी, यातील विसंगती हरिभाऊंच्या ध्यानात आली नसेल असे मानण्याचे कारण नाही. ज्या आयुष्यात रिसबुडांना मनोरंजक काहीच सापडत नव्हते, तेच आयुष्य त्यांनी 'करमणूक' म्हणून वाचकांपुढे ठेवले.

क्रमशः लेखनाच्या पद्धतीचा पात्रनिर्मितीवर झालेला परिणाम दुहेरी आहे. पत्र स्वतःचेच असल्याने लेखकावर संपादकाचा अंकुश नव्हता. प्रसंग लांबला तर लांबू देता येत होता. एखाद्या दुय्यम व्यक्तीने लक्ष वेधून घेतले तर तिच्यापाशी दोन अंक रेंगाळता येत होते. यमूचे बालपण, तिचे खेळ, रुसवेफुगवे, आजीचा धाक आणि आईची माया हा सारा भाग ज्या ऐसपैसपणे आला आहे, तो घाईत कथानक पुढे रेटणाऱ्या लेखकाला साधला नसता. लेखकाला आपल्या पात्राच्या सहवासात जो आनंद होतो, त्याचा पुरावा त्याच्या कबुलीत शोधण्याची गरज नसते; तो अशा, कथानकाला काटेकोरपणे आवश्यक नसलेल्या पानांत सापडतो.

पण हीच मोकळीक जाचकही होती. अंक ठरल्या दिवशी निघालाच पाहिजे, मजकूर जुळवणाऱ्याला कागद मिळालेच पाहिजेत. हरिभाऊंनी 'करमणूक' सुमारे सत्तावीस वर्षे चालवले. सामाजिक आणि ऐतिहासिक अशा दोन्ही प्रकारच्या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. आनंदाश्रमाची व्यवस्था आणि नगरपालिकेचे काम यांचाही भार वाहिला. लिहून झालेला भाग मागे घेता येत नाही, कारण तो वाचकाच्या हाती गेलेला असतो. पाल्हाळ, पुनरुक्ती, मध्येच विसरलेले धागे हे त्यांच्या लेखनातील दोष टीकाकारांनी वारंवार दाखवले आहेत, आणि 'कर्मयोग'सारखी कादंबरी अपूर्णच राहिली. बाणाकडून आलेला वारसा असा दुसऱ्या अंगानेही चालत राहिला.

५

'पण लक्षात कोण घेतो?' मधील निर्णायक पाऊल निवेदनाचे आहे. यमू स्वतः बोलते. पदमनजींच्या यमुनेचे आणि हरिभाऊंच्या यमूचे नामसाम्य योगायोगाचे असेल. पण भारदस्त 'यमुना' घरगुती 'यमू' झाली, यातून या तेहतीस वर्षांतील वाङ्मयीन अंतर नेमके व्यक्त होते. यमूने पर्यटन करावे लागत नाही. माहेर, सासर आणि काही काळ मुंबईतील बिऱ्हाड एवढेच तिचे जग आहे.

ज्याला निवड नाही त्याची कथा कशी सांगायची, या रिसबुडांच्या पेचाचे उत्तर या निवेदनात आहे. यमूला काही ठरवता येत नाही हे खरे, पण तिला पाहता येते, आठवता येते आणि पुढे समजून घेता येते. सांगणारी यमू प्रौढ आणि दुःखाने पोळलेली आहे. जिच्याविषयी ती सांगते ती मुलगी अजाण आहे. या दोन यमूंमधील अंतर हेच कादंबरीचे खरे कथानक होय. लहान यमू लग्नाकडे दागिन्यांचा आणि मिरवण्याचा समारंभ म्हणून पाहते. मोठ्या यमूला त्या समारंभाचा अर्थ ठाऊक आहे, आणि तरी ती लहान यमूचा आनंद हिरावून घेत नाही. वाचकाला एकाच वाक्यात दोन काळ ऐकू येतात. निवडीच्या अभावी जे नाट्य अशक्य वाटत होते, ते अशा रीतीने स्मृतीत हलवले गेले.

एका पुरुष लेखकाला हे साधायचे तर भाषेचा प्रश्न सर्वांत बिकट होता. त्याचे एक उदाहरण पाहता येईल. त्या काळच्या कुलीन घरातील स्त्री पतीचे नाव घेत नसे. 'इकडून', 'तिकडून', 'स्वारी' अशा दिशादर्शक आणि आदरार्थी शब्दांनी ती त्याचा निर्देश करी. मग जिच्या आत्मकथनाचा मोठा भाग पतीसहवासाविषयी आहे, तिने रघुनाथरावांविषयी लिहायचे कसे? ही अडचण केवळ कादंबरीची नव्हती. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) लिहिताना न्यायमूर्तींसाठी 'स्वतः' हा शब्द योजला. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हटले. या प्रत्येक योजनेत एकेका दांपत्याचे नाते सामावलेले आहे. हरिभाऊंपुढे अशा प्रत्यक्ष आत्मचरित्रांचा नमुना नव्हता. त्यांना तो संकोच बोलीतून उचलावा लागला, आणि त्या संकोचाच्या आतून मुंबईच्या बिऱ्हाडातील वाचनाचे, गप्पांचे, हळूहळू वाढत जाणाऱ्या विश्वासाचे दिवस रंगवावे लागले. यमूच्या आयुष्यातील हा सुखाचा काळ सुधारणेच्या व्याख्यानाला उदाहरण म्हणून येत नाही. पती ही बरोबरीने बोलता येण्याजोगी व्यक्ती आहे हा तिला लागलेला शोध म्हणून तो येतो. म्हणूनच पुढे वैधव्य, शंकरमामंजींचे कपट आणि सक्तीचे केशवपन हे प्रसंग येतात तेव्हा वाचकाला एका रूढीचे दर्शन घडत नाही, त्याच्या ओळखीच्या माणसावर घाला पडतो.

अर्थात यमूच्या आवाजात हरिभाऊंचा आवाज मिसळतो हे नाकारता येणार नाही. काही ठिकाणी तिचे प्रश्न वर्तमानपत्री वादात शोभावेत असे होतात, आणि कादंबरीचे नावही वाचकाला उद्देशून विचारलेला प्रश्नच आहे. परंतु असे भाग वेगळे ओळखू येतात, यातच इतर भागांतील यमूचे स्वातंत्र्य सिद्ध होते. पदमनजींच्या यमुनेबाबत असा भेद करता येत नाही.

६

मग हा आवाज हरिभाऊंना मिळाला कोठून? सहानुभूती आणि निरीक्षण ही उत्तरे अपुरी आहेत. वाड्याच्या ओटीवर वावरणाऱ्या पुरुषाला माजघरातील बोलणे ऐकू येत नसे, आणि आलेच तरी ते त्याच्यासाठी बदललेले असे. येथे काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचे नाव घेणे आवश्यक ठरते. काशीबाईंचे लग्न नवव्या वर्षी गोविंदराव कानिटकरांशी झाले. सासरच्या विरोधात त्या चोरून लिहायला-वाचायला शिकल्या. पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. हरिभाऊंशी त्यांचा बंधुभगिनीसारखा स्नेह होता. सरोजिनी वैद्य यांनी संपादित केलेले काशीबाईंचे आत्मचरित्र व चरित्र आणि मीरा कोसंबी यांचे संशोधन यांमुळे, स्त्रियांच्या घरगुती आयुष्याचा आतला तपशील हरिभाऊंपर्यंत पोचण्यात या स्नेहाचा मोठा वाटा होता, हे आता निश्चितपणे म्हणता येते.

या माहितीचा उपयोग हरिभाऊंचे श्रेय कमी करण्यासाठी करणे उथळपणाचे होईल. ऐकलेल्या हकिकती आणि यमू यांच्यामध्ये रचनेचे, निवडीचे आणि स्वराचे फार मोठे काम आहे, व ते त्यांचेच आहे. तरीही पात्रनिर्मितीच्या आपल्या संकल्पनेला या माहितीने धक्का बसायला हवा. यमू एकट्या लेखकाच्या चिंतनातून उपजली नाही. एका स्त्रीने विश्वासाने सांगावे आणि एका पुरुषाने तिला न थांबवता ऐकावे, एवढा संवाद त्या काळच्या पुण्यात दुर्मीळ होता. तो घडू शकला म्हणून यमू घडू शकली.

याच्या दुसऱ्या बाजूचाही विचार व्हायला हवा. काशीबाई स्वतः कादंबरीकार होत्या. त्यांची 'रंगराव' नियतकालिकातून सुरू होऊन १९०३ मध्ये ग्रंथरूपाने आली. जिच्या सांगण्याने मराठीतील पहिले जिवंत स्त्रीनिवेदन उभे राहायला हातभार लावला, तिने आपल्या पहिल्या कादंबरीला पुरुषाचे नाव द्यावे, आणि त्या निवेदनाची कीर्ती पुरुषाच्या नावावर व्हावी, या व्यस्त रचनेकडे मराठी समीक्षेचे बराच काळ लक्षच गेले नाही. स्वतःचे अंतरंग पात्राच्या तोंडून उघड करण्याची जोखीम पुरुषाला परवडत होती. यमूचे शब्द हरिभाऊंच्या घरातील कोणाचे मानले गेले नसते. काशीबाईंनी ते लिहिले असते तर प्रत्येक वाक्यामागे वाचकांनी कानिटकरांचे घर शोधले असते.

हा तर्क निराधार नाही हे पुढच्या इतिहासावरून दिसते. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा त्याच्या लेखिकेला, बाळूताई खरे यांना, 'विभावरी शिरूरकर' हे नाव धारण करावे लागले. पुस्तकावर वादळ उठले आणि पात्रांपेक्षा लेखिकेचाच शोध अधिक हिरिरीने सुरू झाला. यमूनंतर चार दशकांनीही स्त्रीला आपली पात्रे निर्माण करण्यापूर्वी स्वतःचे एक पात्र निर्माण करावे लागत होते.

७

यमूच्या निर्मितीतील यश मान्य केल्यावर तिच्या मर्यादेचाही निर्देश केला पाहिजे, कारण ती मर्यादा याच तर्कातून स्पष्ट होते. 'करमणूक' निघाले त्याच १८९० या वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. सत्यशोधक विचारांतून आलेली ही कृती केशवपनाच्या इतिहासातील एक विलक्षण घटना आहे. यमूच्या कथेतील सर्वांत भीषण प्रसंग केशवपनाचा आहे. तथापि ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न कादंबरीला पडत नाही. माजघराचे दार उघडले होते. वाड्याच्या बाहेरचे अंतर तसेच होते. ते ओलांडायला मराठी कादंबरीला पुष्कळ काळ लागला. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम केल्यानंतर विभावरी शिरूरकरांनी 'बळी' (१९५०) लिहिली, आणि अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) आली तेव्हा ज्याच्याविषयी लिहायचे त्याच समाजातला लेखक लिहू लागला होता. या प्रत्येक टप्प्यावर कादंबरीला नवे पात्र मिळाले ते एखाद्या उंबरठ्यापाशी काही घडले म्हणून.

मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनात आजवर अद्भुताकडून वास्तवाकडे असा विकासक्रम मांडला गेला आहे. तो सोयीचा आहे, पण त्यात वास्तव आधीच समोर पसरलेले असते व लेखकाने केवळ तिकडे मान वळवायची असते, असे गृहीत धरले जाते. रिसबूड, पदमनजी आणि हरिभाऊ यांच्या लेखनाचा वरील विचार त्या गृहीताला बाधक ठरतो. वास्तव कोणाकडून तरी कळावे लागते, आणि कळण्याच्या वाटा समाजरचनेने आखलेल्या असतात. या दिशेने पुढे काम करायचे तर 'करमणूक'चे जुने अंक आणि ग्रंथरूप संहिता यांची तुलना व्हायला हवी. हप्त्याहप्त्यांत यमूचा आवाज कोठे स्थिर झाला आणि कोठे डळमळला हे त्यातून तपासता येईल. त्याचबरोबर 'रंगराव' आणि 'पण लक्षात कोण घेतो?' या दोन कादंबऱ्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. दोन मित्रलेखकांनी एकाच काळात, एकाच सामाजिक द्रव्यातून, एकमेकांच्या बाजूची पात्रे घडवली. त्यांतील एकाची पात्रे आपण शतकभर वाचत आलो. दुसरीचे वाचन अजून पुरते सुरू व्हायचे आहे.